पूर्वपरीक्षा तोंडावर: सामान्य अध्ययनात उजळणीला नेमकं काय घ्यायचं?

माणदेशी
नमस्कार मंडळी. यूपीएससीची पूर्वपरीक्षा तोंडावर आली आहे, पुढे राज्यसेवाही द्यायची आहे. वाचन झालंय, गाडं अडलंय ते उजळणीपाशी. वह्या, नोट्स, चाचण्यांचे कागद सगळं समोर मांडलं की कशाला आधी हात घालावा तेच कळत नाही. पेपर एकला १०० प्रश्न, २०० गुण आणि २ तास. त्यात इतिहास, भूगोल, राज्यघटना, अर्थव्यवस्था, पर्यावरण, विज्ञान आणि वर चालू घडामोडी.

माझं मत असं, की आता निम्मा वेळ चालू घडामोडींना द्यावा. स्टॅटिक भाग, म्हणजे न बदलणारा पुस्तकी अभ्यास, सगळ्यांचाच झालेला असतो, फरक पडतो तो चालू घडामोडींनी. अभ्यासिकेतला मित्र म्हणतो नेमकं उलटं कर. जे या वाटेने गेलेत त्यांनी सांगावं: शेवटच्या आठवड्यांत काय घेतलंत, काय सोडलंत? "सगळंच महत्त्वाचं आहे" हे उत्तर कृपया नको.

कृष्णाकाठ
मित्राचं ऐक. बाकी सविस्तर रात्री लिहितो.

शुभदा_ल
माणदेशी, स्टॅटिक "झालेलं असणं" आणि पेपरात चार पर्याय समोर असताना नेमकं आठवणं यात बरंच अंतर आहे. उजळणी त्या अंतरासाठीच करायची. मी राज्यघटना शिकवते, तेव्हा त्यापुरतंच सांगते.

एकमेकांसारख्या दिसणाऱ्या तरतुदी शेजारी शेजारी ठेवून वाचा. आणीबाणी घ्या. कलम ३५२ (राष्ट्रीय आणीबाणी), ३५६ (राष्ट्रपती राजवट) आणि ३६० (आर्थिक आणीबाणी) प्रत्येकाने वाचलेली असतात. आता कोरा कागद घ्या आणि पुस्तक न उघडता लिहा: संसदेची मंजुरी किती दिवसांत? ३५२ ला १ महिना, बाकी दोन्हींना २ महिने. बहुमत कोणतं? ३५२ ला विशेष, ३५६ आणि ३६० ला साधं. मुदत? ३५२ दर ६ महिन्यांनी वाढवता येते आणि तिला कमाल मर्यादा नाही. ३५६ सुद्धा ६-६ महिन्यांनी वाढते, पण ३ वर्षांच्या पुढे नाही. आणि १ वर्षानंतर वाढवायची तर राष्ट्रीय आणीबाणी लागू असणं आणि निवडणूक आयोगाचं प्रमाणपत्र, दोन्ही लागतं. ३६० एकदा मंजूर झाली की रद्द करेपर्यंत चालू, आणि ती आजवर एकदाही लागलेली नाही.

मग त्याच कागदावर १९७८ ची ४४ वी घटनादुरुस्ती आणा. "अंतर्गत अशांतता" जाऊन "सशस्त्र बंड" आलं, मंत्रिमंडळाची लेखी शिफारस सक्तीची झाली, मंजुरीची मुदत २ महिन्यांवरून १ महिन्यावर आली, आणि कलम २० व २१ ला कोणत्याही आणीबाणीत हात लावता येणार नाही असं ठरलं. ३५८ आणि ३५९ मधला फरकही इथेच येतो. ३५८ मुळे कलम १९ आपोआप स्थगित होतं, पण आणीबाणी युद्ध किंवा परकीय आक्रमणाच्या कारणाने असेल तरच. ३५९ ला राष्ट्रपतींचा वेगळा आदेश लागतो.

हे एक पान तुम्हाला पूर्ण जमलं, की आणीबाणीवरचा कुठलाही प्रश्न येऊ दे. असंच पान पाचव्या आणि सहाव्या अनुसूचीचं करा, धन विधेयक आणि वित्त विधेयकाचं करा, राज्यसभा आणि विधानपरिषदेचं करा.

रानफूल
शुभदाताई, पाचवी-सहावी अनुसूची जरा उलगडून सांगाल का? माझा तिथे कायम घोळ होतो.

शुभदा_ल
रानफूल, सहावी अनुसूची फक्त चार राज्यांतल्या आदिवासी क्षेत्रांना: आसाम, मेघालय, त्रिपुरा, मिझोराम. नागालँड, मणिपूर आणि अरुणाचल त्यात नाहीत, आणि पर्यायांत मुद्दाम घालतात ते हेच. तिथे स्वायत्त जिल्हा परिषदा असतात, त्यांना कायदे करण्याचे काही अधिकारही असतात. पाचवी अनुसूची दहा राज्यांत आहे, त्यात आपला महाराष्ट्रही. तिथे राज्यपालांची भूमिका मोठी आणि जनजाती सल्लागार परिषद असते. १९९६ चा पेसा कायदा (ग्रामसभांना अधिकार देणारा) पाचव्या अनुसूचीच्या क्षेत्रांसाठी, सहाव्यासाठी नाही. एवढं पक्कं असलं तरी पुरतं.

कृष्णाकाठ
आलो. लोकसभा-राज्यसभेच्या संयुक्त बैठकीसाठी आमच्या ग्रुपचा मंत्र होता: "हुंडा, बँक, पोटा." आजवर तीनच विधेयकं संयुक्त बैठकीत मंजूर झाली. १९६१ हुंडाबंदी, १९७८ बँकिंग सेवा आयोग (निरसन), २००२ पोटा (दहशतवादविरोधी कायदा). चहाच्या टपरीवर कुणी "हुंडा" म्हटलं की दुसऱ्याने "बँक" आणि तिसऱ्याने "पोटा" म्हणायचं. टपरीवाल्या काकांनाही पाठ झालं होतं 😄

त्याला जोडून हेही: अध्यक्षस्थानी लोकसभेचे अध्यक्ष असतात, आणि धन विधेयक किंवा घटनादुरुस्ती विधेयकासाठी संयुक्त बैठक होत नाही.

बखरकार
माणदेशी, मी तुमच्या मुळातल्या मताशी असहमत आहे. चालू घडामोडींना निम्मा वेळ दिलात तर इतिहासाला उरणार किती? आणि इतिहास हा असा विषय आहे की एक घटना नीट समजली तर ती चार विषयांत उपयोगी पडते.

उदाहरणार्थ १८७५ चे दख्खनचे दंगे. आपल्याकडचेच, पुणे जिल्ह्यातल्या सुप्यापासून सुरू झालेले. नुसतं साल पाठ करू नका, मागे जा. १८६१ ला अमेरिकेत यादवी सुरू झाली, तिथला कापूस इंग्लंडला जाईना, म्हणून दख्खनच्या कापसाला अचानक सोन्याचा भाव आला. सावकारांनी हात सैल सोडून कर्जं दिली. १८६५ ला ती यादवी संपली, अमेरिकेचा कापूस परत आला, इथला भाव कोसळला. त्याच सुमाराला रयतवारी (सारा थेट शेतकऱ्याकडून घ्यायची पद्धत) भागात जमीन महसुलाची फेरआकारणी होऊन सारा वाढलेला. सावकार नवं कर्ज देईना, जुनं सोडेना, आणि कोर्टात कर्जरोखा दाखवून जमीन नावावर करून घेई. म्हणून लोकांचा राग वळला तो कागदावर. ठिकठिकाणी लोकांनी सावकाराकडून कर्जरोखे आणि खतावण्या घेतल्या आणि जाळल्या. सरकारने आयोग नेमला आणि १८७९ ला दख्खन शेतकरी साहाय्य कायदा आला.

आता बघा यात काय काय झालं: रयतवारी पद्धत, जागतिक व्यापाराचा भारतीय शेतीवर परिणाम, काळी माती आणि कापूस, ग्रामीण कर्ज, आणि १८७० ला स्थापन झालेल्या पुणे सार्वजनिक सभेची भूमिका. मुख्य परीक्षेला याच घटनेवर निबंधाचा एक परिच्छेदही उभा राहतो.

कायद्यांची मालिका मात्र साल आणि तरतुदींसकट पाठच हवी. १९०९ ला मुस्लिमांना स्वतंत्र मतदारसंघ, १९१९ ला प्रांतांत द्विदल राज्यपद्धती (काही खाती गव्हर्नरकडे, काही मंत्र्यांकडे), १९३५ ला ती प्रांतांतून काढून केंद्रात प्रस्तावित. केंद्रातली ती कधी अमलात आलीच नाही. परीक्षा घेणारा आयोग "प्रांत" आणि "केंद्र" यांची अदलाबदल करून विधान देतो.

डोंगरवाट
बखरकार, तुमचा दंग्यांचा परिच्छेद वहीत उतरवून घेतला. पण एक विचारतो, प्राचीन आणि मध्ययुगीनचं काय करायचं? माझा सगळा वेळ तिथे जातो आणि प्रश्न येतात मोजके.

बखरकार
डोंगरवाट, त्यात निवड करा. बौद्ध-जैन तत्त्वज्ञान, लेणी आणि मंदिरशैली, मौर्य-गुप्त प्रशासनातल्या संज्ञा, भक्ती चळवळ, विजयनगर. लढायांच्या तारखा आणि सुलतानांची क्रमवारी यांना आता हात लावू नका.

लेणी तर घरची आहेत. अजिंठा संपूर्ण बौद्ध. वेरूळची ३४ लेणी: १ ते १२ बौद्ध, १३ ते २९ हिंदू, ३० ते ३४ जैन. कैलास लेणं १६ वं, राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण याच्या काळातलं. अजिंठ्याची चित्रं सातवाहन आणि वाकाटक अशा दोन टप्प्यांतली. वेरूळला उभं राहून पाहिलं असेल तर हे विसरायला होत नाही.

अभ्यासिका_रात्रपाळी
+१ बखरकार. राज्यसेवावाल्यांनी यात समाजसुधारक जोडा. १८६७ प्रार्थना समाज मुंबई, १८७३ सत्यशोधक समाज पुणे, २० मार्च १९२७ महाडचं चवदार तळं, २ मार्च १९३० नाशिकचं काळाराम मंदिर. यूपीएससीची तयारी करणारी मुलं इथे कच्ची राहतात, आणि मग राज्यसेवेला हातचे गुण जातात.

तलाठी_भाऊ
इतकी चर्चा झाली, सीसॅटचं (उतारे-गणिताचा पात्रता पेपर दोन) नाव कुणी काढलं नाही. यूपीएससीला ३३ टक्के म्हणजे २०० पैकी ६६ गुण. ८० प्रश्न, प्रत्येकी अडीच गुण. एकही चूक न करता २७ उत्तरं बरोबर यायला हवीत, चुका झाल्या तर आणखी. २०२३ चा पेपर ज्यांनी दिला त्यांना विचारा. सामान्य अध्ययनात उत्तम गुण असलेली मुलं तिथे थांबली. रोज तासभर उतारे आणि गणित, यात तडजोड नको.

सीमा_नांदेड
तलाठी भाऊ, शंभर टक्के अनुमोदन. आणि आम्ही कला शाखेच्या मुलींनी तर संख्याज्ञान, टक्केवारी, गुणोत्तर, वेळ-काम एवढं तरी हाताखालून घालायलाच हवं. क्रमचय-संचय डोक्यावरून जात असेल तर शेवटी त्याच्या मागे लागू नये.

रानफूल
पर्यावरण माझा आवडीचा विषय, म्हणून लिहिते. प्रश्न भरपूर असतात आणि लोक याद्या पाठ करत बसतात. रामसर स्थळांची (आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांची) अख्खी यादी लक्षात ठेवायला जाऊ नका. बातमीत आलेली, आपल्या राज्यातली आणि काहीतरी वेगळेपण असलेली घ्या. महाराष्ट्रात नांदूर मधमेश्वर, लोणार आणि ठाणे खाडी. लोणारचं वेगळेपण म्हणजे बेसॉल्ट खडकात उल्कापातामुळे तयार झालेलं विवर आणि खारं, अल्कधर्मी पाणी. माँट्रो नोंदीत (धोक्यातल्या रामसर स्थळांची यादी) भारतातली केवलादेव आणि लोकटक ही दोन, चिल्का २००२ मध्ये त्यातून बाहेर पडलं.

रसायनांचे करार कायम एकमेकांत मिसळतात, ते एकत्र ठेवा. बासेल घातक कचऱ्याच्या सीमापार वाहतुकीबद्दल, रॉटरडॅम घातक रसायनांच्या व्यापारात पूर्वसंमतीबद्दल, स्टॉकहोम दीर्घकाळ टिकणाऱ्या सेंद्रिय प्रदूषकांबद्दल, मिनामाता पाऱ्याबद्दल. जैवविविधतेच्या बाजूला कार्टाजेना म्हणजे जनुकीय बदल केलेल्या सजीवांची सुरक्षित हाताळणी आणि नागोया म्हणजे जनुकीय संसाधनांच्या लाभाची वाटणी.

वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा, पण २०२२ च्या दुरुस्तीने अनुसूची सहावरून चार झाल्या. जुन्या नोट्स वापरत असाल तर ते पान आधी बदला.

आणखी एक शुभदाताईंच्या धर्तीवर: महाराष्ट्रात राष्ट्रीय उद्यानं सहा आणि व्याघ्र प्रकल्पही सहा, पण दोन्ही याद्या वेगळ्या. बोर हा व्याघ्र प्रकल्प आहे, राष्ट्रीय उद्यान नाही. बोरिवलीचं संजय गांधी राष्ट्रीय उद्यान आहे, व्याघ्र प्रकल्प नाही. सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात चांदोली राष्ट्रीय उद्यान आणि कोयना अभयारण्य दोन्ही येतात.

डोंगरवाट
रानफूल, फार सुंदर. हेच भूगोलाला लावतो: नकाशाशिवाय भूगोलाची उजळणी करू नका. रोज एक कोरा नकाशा. एक दिवस कर्कवृत्ताची आठ राज्यं, एक दिवस खिंडी, एक दिवस नद्या. गोदावरी काढायला घेतली तर त्र्यंबकेश्वरपासून निघा आणि उपनद्या डावी-उजवीकडे लावत जा. उजवीकडे प्रवरा आणि मांजरा, डावीकडे पूर्णा, प्राणहिता, इंद्रावती. प्राणहितेत वर्धा आणि वैनगंगा, आणि वर्धेला आधी पैनगंगा मिळते. उपनद्यांचा क्रम लावायला सांगणारा प्रश्न असा हाताने काढलेल्या नकाशावरच सुटतो.

मान्सूनला एल निनो (प्रशांत महासागराचं पाणी नेहमीपेक्षा तापणं) म्हणजे दुष्काळ असं एका ओळीत संपवू नका. १९९७ ला एल निनो अत्यंत तीव्र होता, तरी भारतात पाऊस साधारण सरासरीइतका झाला, कारण हिंदी महासागरातला द्विध्रुव धन अवस्थेत (पश्चिम भाग पूर्वेपेक्षा जास्त उबदार) होता. "एल निनोच्या प्रत्येक वर्षी दुष्काळ पडतो" असं विधान आलं की हे आठवा.

कृष्णाकाठ
थोडं अवांतर. झोप किती घेता सगळे? आमच्या अभ्यासिकेत रात्री दोनपर्यंत दिवे चालू असतात, आणि सकाळच्या चाचणीत तीच मुलं पेंगतात.

सीमा_नांदेड
परीक्षा सकाळी साडेनऊला असते. शेवटचे दोन आठवडे तरी त्या वेळेला डोकं चालायची सवय हवी. मी चाचणी त्याच वेळेला देते, मोबाइल आईकडे. घरच्यांना एकदा सांगून ठेवलं की त्या दोन तासांत पाहुणेसुद्धा हळू बोलतात.

अभ्यासिका_रात्रपाळी
माझी शिफ्ट रात्रीची असल्यामुळे मी तर उलट्याच घड्याळावर आहे. पण शेवटच्या आठवड्याची रजा टाकून ठेवली आहे. नोकरी करणाऱ्यांनी ती आधीच मागून घ्या, ऐनवेळी मिळत नाही.

अर्थात
विषयावर येतो. अर्थव्यवस्थेची उजळणी करताना व्याख्या कमी आणि "यामुळे पुढे काय होईल" जास्त. रिझर्व्ह बँकेने सरकारी रोखे (कर्जाचे कागद) विकत घेतले, बाजारात पैसा वाढला की कमी झाला? वाढला. रोख राखीव प्रमाण वाढवलं? बँकांकडे कर्जाला पैसा कमी. अशा दहा साखळ्या तोंडाने म्हणता आल्या पाहिजेत.

व्याजदर ठरवणाऱ्या पतधोरण समितीत सहा सदस्य, तीन बँकेचे आणि तीन केंद्राने नेमलेले, समसमान मतं पडली तर गव्हर्नरचं निर्णायक मत. महागाईचं लक्ष्य ४ टक्के, वर-खाली २. सलग तीन तिमाही महागाई त्या पट्ट्याबाहेर राहिली तर बँकेला सरकारला अहवाल द्यावा लागतो. लक्ष्य ग्राहक किंमत निर्देशांकावर आहे, घाऊकवर नाही. ग्राहक निर्देशांक राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाचा, घाऊक निर्देशांक वाणिज्य आणि उद्योग मंत्रालयाच्या आर्थिक सल्लागार कार्यालयाचा, आणि घाऊकमध्ये सेवा येत नाहीत. तुटींमध्ये प्राथमिक तूट म्हणजे राजकोषीय तूट वजा व्याज.

आता माणदेशी यांच्या चालू घडामोडींबद्दल. त्या सोडायच्या नाहीतच, फक्त प्रत्येक बातमी स्टॅटिकच्या पानावर नेऊन लिहायची. २०२३ ची १०६ वी घटनादुरुस्ती बातमी म्हणून वाचली तर "महिला आरक्षण" एवढंच राहतं. शुभदाताईंच्या पानावर लिहिली तर प्रश्न आपोआप सुचतात: लोकसभा, राज्यांच्या विधानसभा आणि दिल्ली विधानसभा यांत एक तृतीयांश, राज्यसभा आणि विधानपरिषदेला लागू नाही, अनुसूचित जाती-जमातींच्या राखीव जागांतही ते लागू.

तलाठी_भाऊ
अर्थात सरांचं पटलं. पण विज्ञान-तंत्रज्ञानाचं काय? तिथे स्टॅटिक पान कुठून आणायचं?

अर्थात
तलाठी भाऊ, तिथे बातमीच पाया. पण मागचं तत्त्व समजून घ्यायचं. लसीची बातमी आली तर लसींचे प्रकार, उपग्रहाची आली तर कोणती कक्षा आणि का. भूस्थिर कक्षा साधारण ३५,७८६ किमी उंचीवर, विषुववृत्ताच्या वर. ध्रुवीय कक्षा बरीच खाली. एवढ्यावर बरेच पर्याय गळतात.

कृष्णाकाठ
पर्याय गळण्यावरून आठवलं. २०२३ पासून "वरीलपैकी किती विधाने बरोबर आहेत" हा प्रकार भरपूर येतोय. तिथे एका विधानावरून फारसे पर्याय कापता येत नाहीत. मग अंदाजाने उत्तर द्यायचं की सोडायचं?

सीमा_नांदेड
सोडायचं. उणे गुणांनी घात होतो.

अर्थात
सीमाताई, सरसकट नको. हिशोब मांडू. यूपीएससीला बरोबर उत्तराला २ गुण, चुकीच्याला एक तृतीयांश कपात, म्हणजे ०.६६. चारही पर्याय सारखेच वाटत असतील तर सरासरीने हाती शून्य, ना नफा ना तोटा. दोन पर्याय खात्रीने कापता आले तर मात्र प्रत्येक प्रश्नामागे सरासरी ०.६६ गुणांचा फायदा. राज्यसेवेला कपात एक चतुर्थांश आहे, तिथे गणित आणखी थोडं आपल्या बाजूला झुकतं. "किती विधाने" मध्ये निदान दोन विधानांची खात्री असेल तरच पुढे जावं.

सीमा_नांदेड
हिशोब मान्य, पण परीक्षेत घाबरलेल्या डोक्याला "खात्रीने कापलं" आणि "कापल्यासारखं वाटलं" यातला फरक कळत नाही. म्हणून चाचणी तपासताना मी अंदाजाच्या प्रश्नांपुढे फुली करते आणि त्यांचे गुण वेगळे काढते. ज्यांचे फुलीचे गुण सतत उणे येतात त्यांनी सोडलेलंच बरं.

शुभदा_ल
सीमा, हे फार कामाचं आहे. माझ्या विद्यार्थ्यांना उद्यापासून लावते.

माणदेशी
सगळ्यांचे मनापासून आभार. आता असं ठरवलंय: सकाळी राज्यघटना आणि आधुनिक इतिहास आलटून-पालटून, कोऱ्या कागदावर आठवून लिहायचं. दुपारी नकाशा आणि पर्यावरण. संध्याकाळी तासभर सीसॅट. चालू घडामोडी रात्री, पण अर्थात म्हणतात तशा त्या त्या विषयाच्या पानावर. प्राचीन-मध्ययुगीनमधून बखरकारांनी सांगितलं तेवढंच.

एक शंका राहिली. व्याजदर वाढले की जुन्या रोख्यांची किंमत कमी होते, पण त्यांवरचा परतावा वाढतो असं वाचलंय. किंमत पडली तर परतावा वाढतो कसा? हे दरवेळी पाठ करतो आणि दरवेळी उलटं लिहून येतो.

अर्थात
माणदेशी, आकडा घेऊन बघा. १०० रुपयांचा रोखा, वर्षाला ७ रुपये देतो. तो ७ चा आकडा रोख्यावर छापलेला, बदलत नाही. आता बाजारात नवे रोखे ८ टक्क्यांनी मिळायला लागले. तुमचा ७ रुपयेवाला १०० ला कोण घेईल? कुणी नाही. म्हणून तो स्वस्तात विकावा लागतो. मुदतीचा भाग बाजूला ठेवला तर साधारण साडेसत्त्याऐंशी रुपयांना. ज्याने साडेसत्त्याऐंशीला घेतला त्याला वर्षाला ७ रुपयेच मिळतात, पण कमी पैसे घातल्यामुळे त्याच्यासाठी ते ८ टक्के झाले. परतावा वाढला म्हणतात तो या नव्या खरेदीदाराचा.

आता हेच उलट दिशेने स्वतः मांडून बघा: रिझर्व्ह बँक मोठ्या प्रमाणात रोखे विकत घ्यायला लागली तर किंमत आणि परताव्याचं काय होईल? उत्तर इथेच टाका, मी रात्री बघतो.

माणदेशी
मागणी वाढली म्हणून किंमत वर, परतावा खाली. आणि बाजारात पैसाही वाढला.

अर्थात
बरोबर. आता पुढचं: सरकारने बाजारातून जास्त कर्ज उचललं तर?